वारीच्या फोटोत गर्दी येते, माणूस हरवतो: दरवर्षीच्या या दुखण्यावर उपाय

दिवे घाटाच्या पायथ्याशी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींना मी विचारलं, "माऊली, एक फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ की बाई, पन बिगीबिगी. दिंडी फुडं चाललीया." मी काढला आणि दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, पदराच्या सावलीत धरला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

त्या अगदी मधोमध होत्या, तरी सापडत नव्हत्या. वृंदावनातली तुळस मागच्या झाडाच्या हिरव्यात मिसळली होती. डोक्यावरचा फिकट पदर मागून येणाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांत विरला होता. खांद्याशेजारी रस्त्याकडेच्या फ्लेक्सवरचा एक चेहरा होता, तो त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मोठा दिसत होता.

तेव्हापासून दर आषाढात मी हे एकच दुखणं दुरुस्त करत आले आहे. वारीला कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन जाणाऱ्या बहुतेकांना ते असतं. प्रत्यक्षात अंगावर काटा आला होता, टाळांचा आवाज छातीत घुमत होता, आणि घरी येऊन बघावं तर चारशे फोटोंत नुसती डोकी. पुढच्या वर्षी माणूस चांगली लेन्स घेऊन जातो आणि पुन्हा तेच घेऊन येतो. विसर्जन मिरवणूक, गावची जत्रा, आठवडी बाजार, सगळीकडे हीच गत होते. मी वारीवर लिहिते आहे, कारण तिथे हे दुखणं सर्वांत जास्त होतं आणि उपायही तिथेच नीट कळतात.

आधी फोटो तपासा

घरी आल्यावर फोटो मोठा करून बघू नका. गॅलरीत तो नखाएवढा करा आणि हात लांब धरून बघा. तेवढ्या आकारात विषय ओळखू येतो का? येत असेल तर रचना धड आहे, बाकी किरकोळ गोष्टी सुधारता येतात. येत नसेल तर पुढची पायरी: एडिटिंगमध्ये जाऊन रंग पूर्ण काढून टाका, सॅच्युरेशनची पट्टी सर्वांत खालच्या टोकाला न्या.

रंग काढल्यावर माणूस मागच्या दृश्यात विरघळला, तर दुखणं उजेड-काळोखाचं आहे. म्हणजे विषय आणि पार्श्वभूमी दोन्ही सारख्याच गडद किंवा सारख्याच उजळ आहेत. उलट, काळ्या-पांढऱ्यात फोटो छान दिसू लागला आणि रंगीत असताना बिघडलेला होता, तर कुठला तरी परका रंग नजर पळवतो आहे. वारीत तो बहुतेक वेळा निळी ताडपत्री, पाण्याचा टँकर किंवा फ्लेक्स असतो. आणि दोन्हींत सारखाच गोंधळ असेल तर तुम्ही लांब उभे राहून खूप काही एका चौकटीत कोंबलं आहे. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. कोणतं दुखणं आहे हे न बघता सरसकट रंग गडद करणं, कडा काळ्या करणं, पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर करणं, याने गर्दी नुसती जास्त भडक किंवा जास्त धूसर होते. पोर्ट्रेट मोडमध्ये तर पताकेची काठी आणि वीणेच्या खुंट्याही अर्ध्या पुसल्या जातात.

डोळा जे गाळतो ते कॅमेरा गाळत नाही

आपल्या नजरेतला खरोखर तीक्ष्ण भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर साधारण त्याच्या रुंदीएवढा. दिंडीत आपण त्या अंगठ्याएवढ्या खिडकीतून विणेकऱ्याचा चेहरा बघतो, मग त्याची बोटं, मग तुळशीमाळ. बाकीचं मन गाळून टाकतं. शिवाय दोन डोळ्यांमुळे तो आपल्यापासून किती जवळ आणि टँकर किती मागे, हे आपोआप कळतं. माणूस हलत असतो म्हणूनही तो स्थिर झाडापासून वेगळा दिसतो. फोटोत हे तिन्ही आधार जातात. हालचाल थांबते, खोली सपाट होते, आणि टँकरला चेहऱ्याइतकाच हक्काने कागद मिळतो.

म्हणजे जे काम आपलं मन करत होतं ते आता चौकटीला करावं लागतं. विषय वेगळा काढायचा तो मागच्या भागाशी असलेल्या फरकानेच. उजळावर गडद, गडदावर उजळ, किंवा रंगावर वेगळा रंग. चौथा मार्ग मोकळ्या जागेचा. वारली चित्रं आठवा. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढं भांडवल. तारपा नाचाच्या चित्रात कित्येक माणसं एकमेकांना धरून वेटोळ्यात फिरतात, पण एकही माणूस दुसऱ्यात मिसळत नाही. दोन त्रिकोणांची ती शरीरं, त्यांच्यामधे गेरूची फट, आणि वेटोळ्याच्या आत तारपा वाजवणारा. नजर शेपटीपासून चालू लागते आणि बरोबर त्याच्यापाशी पोचते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं बघताना मला हे पहिल्यांदा स्पष्ट कळलं. गर्दी दाखवायला गर्दी कमी करावी लागत नाही, माणसांमधली फट सांभाळावी लागते.

मुख्य कारण: तुम्ही सगळ्यांच्याच उंचीवर उभे आहात

हा भाग सावकाश वाचा. माझ्या बिघडलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून अधिक फोटोंचं मूळ इथेच निघालं.

सपाट रस्त्यावर उभं राहून कॅमेरा डोळ्यांशी धरला की क्षितिजाची रेषा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळेही त्याच रेषेवर येतात, मग तो दोन मीटरवर असो की पन्नास मीटरवर. जवळच्याचं डोकं मोठं, लांबच्याचं लहान, पण सगळी एकाच आडव्या पट्ट्यात दाटीने रचलेली. खाली पायांचा गुंता, वर रिकामं आभाळ, मधे टोप्यांची एक जाड रेघ. दिंडीचा फोटो "डोक्यांचा ढीग" वाटतो तो यामुळे. इथे लेन्स बदलून काही होत नाही, कारण ही रेषा लेन्समुळे ठरत नाही, कॅमेऱ्याच्या उंचीमुळे ठरते.

उंची बदला. वर चढलात तर क्षितिज डोक्यांच्या वर सरकतं आणि डोकी उभ्या दिशेने पसरतात: जवळची खाली, लांबची वर. मधला रस्ता दिसू लागतो, आणि तो रस्ताच वारली भिंतीसारखा काम करतो. आषाढातला ओला डांबरी रस्ता गडद असतो, त्यावर पांढरी टोपी, पांढरं धोतर, भगवी पताका सुटी सुटी उठून दिसते. दिवे घाटाचं मोल इथे आहे. वळणं घेत चढणाऱ्या रस्त्यामुळे वरच्या वळणावरून खालच्या वळणावरची दिंडी दिसते, मागे आभाळाऐवजी हिरवा डोंगरउतार येतो, आणि रस्त्याची वाक नजरेला आपोआप वर नेते. फार वर जायची गरज नाही. सपाट गावातसुद्धा देवळाचा ओटा, पाराचा कठडा, शाळेची पायरी, एवढ्यानेही फरक पडतो. एक मीटर उंची मिळाली तरी पहिल्या तीन-चार रांगा सुट्या होतात. हात वर करून मोबाइल धरला की आणखी अर्धा मीटर मिळतो. उलट्या मोबाइलची लेन्स खाली येते, म्हणून त्या वेळी तो सरळच धरा.

गुडघ्यावर बसण्याचा सल्ला सगळे देतात. तो खरा आहे, पण अर्धा. खाली बसलं की जवळचा माणूस सगळ्यांच्या वर उठतो आणि मागची गर्दी त्याच्या आड जाते. एकट्या विणेकऱ्यासाठी किंवा पताकेसाठी ते उत्तम. पण मग त्याच्यामागे आभाळ येतं, आणि आषाढातलं आभाळ पांढरंफटक असतं. पांढरी टोपी पांढऱ्या आभाळावर गेली की टोपीची कड नाहीशी होते, डोकं कापल्यासारखं दिसतं. म्हणून खाली बसायचं ते गडद गोष्टी असलेल्या माणसासाठी: काळं घोंगडं पांघरलेला वारकरी, गडद लुगडं नेसलेल्या आजी, पितळी हंडा. पांढऱ्या पेहरावातल्या टाळकऱ्यांसाठी वर चढा किंवा डोंगर, झाड, वाड्याची भिंत मागे येईल अशी जागा धरा. "खाली बसा" आणि "वर चढा" यांतलं काय करायचं हे पांढरं कुठे आहे त्यावर ठरतं, एवढं लक्षात आलं तरी बरंच काम झालं.

त्या आजींचा फोटो मी दुसऱ्यांदा काढला तो दोन पावलं डावीकडे सरकून. आधी मागे झाड होतं, आता घाटातला कापलेला काळा कातळ आला. तुळस, पदर, चेहरा, तिन्ही सुटले. फ्लेक्स त्यांच्या पाठीमागे लपला. पन्नास फोटो काढून जे झालं नसतं ते दोन पावलांनी झालं.

आधी पार्श्वभूमी, मग माणूस

यातूनच माझी सवय उलटी झाली. पूर्वी मी चांगला चेहरा दिसला की त्याच्यामागे धावायची. धावताना मागे काय येतंय हे बघायला वेळ नसतो, आणि चालत्या माणसाच्या मागची पार्श्वभूमी दर पावलाला बदलते. आता मी आधी भिंत शोधते. म्हणजे स्वच्छ, एकसारखा, विषयाहून वेगळ्या उजेडाचा तुकडा: कातळ, ओला रस्ता, जुन्या वाड्याचा अंधारा दरवाजा, बैलगाडीचं ताडपत्रीचं छत. तिच्यासमोर जागा धरून थांबते. वारी चालत तुमच्याकडे येत असते, हे इतर कुठल्याही फोटोग्राफीत न मिळणारं भाग्य आहे. मंच तुम्ही निवडा, पात्रं चालत येतील.

कधी दाबायचं हे दिंडीच्या बांधणीवरून कळतं. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात पखवाज आणि विणेकरी, मागे तुळशीवृंदावन आणि हंडा घेतलेल्या बाया. एका दिंडीची शेपटी आणि दुसऱ्या दिंडीच्या पताका यांच्यामधे थोडी मोकळी जागा पडते. त्या फटीच्या अलीकडची शेवटची माणसं आणि पलीकडची पहिली माणसं सुटी मिळतात. टाळकऱ्यांचे टाळ एकमेकांपासून दूर गेलेले असताना हातांचा आकार मोकळा असतो. टाळ जुळले की हात छातीशी जाऊन एक गोळा होतो. पावली खेळताना पाय उचललेला क्षण आणि पाय जुळलेला क्षण यांतही हाच फरक. दोन-तीन ठेके नुसते बघा, लय अंगात भिनू द्या, मग बोट चालवा. बर्स्ट लावून, म्हणजे बोट दाबून धरून, सलग तीस फोटो घेण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं आहे, आणि घरी निवडायचा त्रासही वाचतो.

लांब उभं राहून रुंद लेन्स

बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा 35 मिमी फिल्मच्या हिशेबात 24 ते 26 मिमीच्या आसपास असतो, म्हणजे बराच रुंद (मिमीचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद). त्याचा अर्थ आकड्यांत बघा. मोबाइल आडवा धरला आणि मागची भिंत तुमच्यापासून 20 मीटरवर असेल, तर 24 मिमीला तिचा जवळजवळ 30 मीटर रुंद तुकडा चौकटीत येतो. 2एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर गेलात, म्हणजे साधारण 50 मिमी, तर सुमारे 14–15 मीटर. 30 मीटरमध्ये चहाची टपरी, दोन गाड्या, फ्लेक्स आणि विजेचा खांब सहज मावतात. 14 मीटरमध्ये त्यांतलं निम्मं बाहेर टाकता येतं.

मात्र जागेवरून न हलता नुसता झूम केला तर फक्त कापाकापी होते. विषय आणि मागचं दृश्य यांचं परस्पर नातं तुमच्या जागेने ठरतं. माणूस मोठा आणि परिसरही हवा असेल तर 1एक्सवर ठेवून जवळ जा, अगदी दीड-दोन मीटरवर. मागची माणसं एकदम लहान होतील आणि पुढचा माणूस स्पष्टपणे मालक होईल. एकच चेहरा स्वच्छ हवा असेल तर 2एक्स किंवा 3एक्सवर जाऊन मागे सरका. या दोन्हींच्या मधे राहणं, म्हणजे सहा-सात मीटरवरून 1एक्स, हाच बहुतेक बिघडलेल्या फोटोंचा पत्ता असतो. लाज वाटते म्हणून आपण तिथे उभे राहतो. जवळ जायचं तर विचारून जा. "माऊली" म्हटलं की वारीत बोलणं सुरू होतं. झोपलेली, अंघोळ करणारी, पाय चोळत बसलेली माणसं न विचारता टिपू नयेत, याबाबत माझं मत पक्कं आहे.

कडा

दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारी कडांवरून एकदा फिरवा. मधल्या माणसाकडे बघण्याच्या नादात कडेवर अर्धा चेहरा, मनगटाशी तुटलेला टाळ, कुणाचं कोपर असं काहीतरी शिरतं. अक्षरं आणि चेहरे नजर सर्वांत आधी ओढतात. म्हणून कडेवरचा फ्लेक्स किंवा अर्धा चेहरा मधल्या माणसाला हमखास हरवतो. माणूस कापायचाच तर मधे कापा, सांध्यावर कापू नका: मनगट, कोपर, गुडघा, घोटा यांच्यापाशी कड आणली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. आणि डोक्यातून उगवलेला खांब, कानातून निघालेली पताकेची काठी. त्यासाठी अर्धं पाऊल सरकणं पुरतं.

तृतीयांशाचा नियम लावला, तरीही?

लावून बघितला असेलच. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि विषय छेदबिंदूवर ठेवायचा. हा नियम या नावाने मांडला तो इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने, 1797 मध्ये, आणि तोही निसर्गचित्रांच्या संदर्भात, एका चित्रातल्या उजेड आणि अंधाराची वाटणी कशी असावी हे सांगताना. डोंगर, आभाळ, एखादं झाड, अशा मोकळ्या दृश्यात तो चांगला उपयोगी पडतो. पण माणूस मागच्या दहा माणसांत मिसळलेला असेल, तर त्याला मधून उचलून डावीकडच्या छेदबिंदूवर ठेवल्याने तो सुटत नाही. तो डावीकडे मिसळलेला राहतो, इतकंच. शिकवताना हा नियम पहिल्याच दिवशी सांगतात ते मला चूक वाटतं. मोबाइलमधली ग्रिड चालू जरूर ठेवा, पण क्षितिज आणि पताकेच्या काठ्या तिरक्या होऊ नयेत म्हणून. गोल रिंगणासारख्या दृश्यात तर मधोमध ठेवणंच योग्य, कारण त्या दृश्याचा आकारच केंद्राभोवती फिरतो.

दुपारचं ऊन आणि करडे सदरे

पावसाने ओढ दिली असेल तर वारीतला दुपारचा उजेड फार कठीण. पुण्याच्या परिसरात मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीला अगदी डोक्यावर येतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळातच बहुतेक वेळा वारी येते. म्हणजे ऊन पडलं तर सरळ वरून. टोपीची, पदराची, फेट्याची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहऱ्याच्या जागी काळा खड्डा राहतो. अशा वेळी चेहऱ्यांचा नाद सोडा. वरच्या वळणावर जा आणि माणसांच्या पायाशी पडलेल्या छोट्या गोल सावल्या, टोप्यांची नक्षी, तुळशीच्या ओळी यांचे फोटो घ्या. किंवा झाडाखाली, मांडवाच्या कडेला थांबा. तिथे बाजूने येणारा मऊ उजेड असतो आणि मागे मांडवाचा अंधार.

ढगाळ दिवसाचा त्रास वेगळा. कॅमेऱ्याचा उजेडमापक चौकटीची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. चौकटभर पांढरे सदरे असतील तर तो सगळं थोडं काळवंडवतो आणि शुभ्र वारी मळकट दिसते. अशा वेळी स्क्रीनवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. कॅमेऱ्यावर असाल तर एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उलट, आभाळ जास्त आणि चेहरे कमी असतील तर चेहरे काळे पडतात. तिथे उपाय एकच, आभाळ कमी करा. आताचे मोबाइल चेहरे ओळखून बरंच सावरून घेतात, पण मग आभाळ आणि माणसं दोन्ही सारख्याच उजेडाची होतात आणि पुन्हा ती मिसळतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. पुढच्या माणसाला मोजमाप बदलत नाही. एका जागी थांबून काम करताना हे फार सोयीचं.

पाऊस आला की मात्र कॅमेरा पिशवीत कोंबून आडोशाला पळू नका. पिवळे, निळे, गुलाबी प्लास्टिकचे कागद पांघरून दिंडी चालू लागते, आणि जे सगळं पांढऱ्यावर पांढरं होतं ते पाच मिनिटांत रंगांनी सुटं होतं.

घरी येऊन कापलं तर चालेल?

कापून कडा दुरुस्त होतात, मिसळलेली माणसं सुटत नाहीत. कापाकापीला कमीपणा मानू नका. कापणं नापसंत असणाऱ्या फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीसुद्धा पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा 1932 चा प्रसिद्ध फोटो कापूनच छापला, कारण कुंपणाच्या फटीतून काढताना कडेला फळी आली होती. पण त्या फोटोत उडी मारणारा माणूस उजळ पाण्यावर गडद आकृती म्हणून मूळ फोटोतच सुटा उभा होता. ती गोष्ट कात्रीने आणता येत नाही. तुमच्या फोटोत असं काही सुटं असेल तर कापा, नसेल तर पुढचा फोटो बघा.

गर्दीच हवी असेल तर

एकच माणूस सुटा काढणं म्हणजे वारी नव्हे, असं कुणी म्हटलं तर मला ते पटतं. माझं स्वतःचं मन त्याच फोटोंत जास्त रमतं, ज्यांत दहा-बारा माणसं आहेत आणि तरी गोंधळ नाही. जयपूरमध्ये जन्मलेल्या रघुबीर सिंह यांनी रंगीत फिल्मवर भारतातल्या रस्त्यांचे जे फोटो काढले, त्यांत चौकट कडेपासून कडेपर्यंत भरलेली असते. अँबेसेडर गाडीची दारं, खिडक्या, आरसे यांच्या चौकटींनी त्यांनी एका दृश्याचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात एक वेगळी गोष्ट ठेवली. वारीत हेच करायला काय काय मिळतं ते बघा: रथाच्या चाकाच्या आरा, बैलांच्या शिंगांमधली जागा, ट्रकच्या मागच्या फळ्या, वाड्याच्या ओसरीचे खांब, मांडवाचे बांबू. प्रत्येक खणात एखादा माणूस येईपर्यंत थांबायचं.

सुरुवात तीन थरांनी करा. पुढे एक मोठी वस्तू, अर्धवट असली तरी चालेल: पखवाजाचं एक तोंड, हंड्याची कड. मधे ज्याचा फोटो आहे तो. मागे परिसर सांगणारी एकच खूण: घाटाचं वळण, पताकांची ओळ. तिघांमधे दिसेल अशी फट हवी. चौथी गोष्ट आली की एकदा थांबा आणि ती कशासाठी हे स्वतःला विचारा. दोन वर्षं मी फक्त दोन थरांवर काढली, तिसरा जमायला पुढचे दोन आषाढ गेले. त्यामुळे पहिल्याच वर्षी जमलं नाही तर हातातलं यंत्र बदलू नका.

तरीही जमत नसेल

सराव वारीची वाट बघत करू नका, तिचे दिवस मोजके असतात. तुमच्या गावच्या आठवडी बाजारात जा. एक जागा धरा, एकच झूम ठेवा, मागे दुकानाचा अंधारा दरवाजा किंवा एकरंगी शटर घ्या आणि तासभर हलू नका. समोरून जाणाऱ्यांपैकी कोणाची आकृती पूर्ण सुटी होते ते बघा. मोबाइलमध्ये काळा-पांढरा फिल्टर लावून ठेवा म्हणजे रंगाची मदत मिळणार नाही आणि उजेड-काळोख कळू लागेल. तासात पाच फोटो पुरेत. घरी ते नखाएवढे करून घरातल्या कुणालाही दाखवा आणि विचारा, सर्वांत आधी काय दिसलं? उत्तर "कोबीवाली" आलं तर ठीक. "शटरवरची जाहिरात" आलं तर परत त्याच जागी जा.

आणि एक कारण असं आहे जे फोटोत शोधून सापडत नाही. हडपसरपासून पायी येऊन घाट अर्धा चढेपर्यंत तीन-चार तास झालेले असतात. तोवर नजर थकते. मग आपण कडा बघत नाही, उंची बदलत नाही, समोर येईल त्यावर बोट दाबत सुटतो. माझे सर्वांत वाईट फोटो नेहमी दुपारी दोननंतरचे असतात. तेव्हा मोबाइल पिशवीत टाका. कुठल्यातरी दिंडीत पिठलं-भाकरीची पंगत चालू असते, "बसा माऊली" म्हणून जागा करून देतात. बसा, जेवा, पाणी प्या, त्यांचं गाव विचारा. खालच्या वळणावर पुढच्या दिंडीच्या पताका दिसू लागल्या की उठा आणि आधी भिंत शोधा.